घोडा निपलावर पडत नाही

आपल्या कवितांत बंदुका फार झाल्या. मीही चार-दोन लिहिल्यात. कवितेतली बंदूक खांद्याला लावली की धाडदिशी उडते आणि समोरचा खोत, सावकार, मालक, जो कोण असेल तो आडवा. तिला परवाना लागत नाही, तेल लागत नाही, कोकणातल्या पावसात ती गंजत नाही. आणि मुख्य म्हणजे ती कधी फुसकी जात नाही. दोस्तहो, आमच्या घरात खरी बंदूक आहे, आणि गेली तीन वर्षं ती दर दोन-तीन चापांमागे एकदा फुसकी जात होती. ती का जात होती आणि कशी सुधारली, एवढंच लिहायला बसलोय. क्रांतीचं पुढच्या अंकात बघू.

बंदूक ठासणीची. रायफल म्हणावी असं तिच्यात काही नाही. रायफलीच्या नळीत आतून आटे पाडलेले असतात, गोळी गरगरत जाते. आमच्या नळीला आत आटेबिटे नाहीत, सरळ सपाट पोकळी. तोंडाकडून दारू ओतायची, वर कागदाचा बोळा, गजानं ठासायचं. मागच्या बाजूला नळीच्या उजव्या कुशीत लोखंडाचा एक गुटका बसवलेला असतो, त्या गुटक्यात निपल. निपल म्हणजे बोटाच्या पेराहून लहान नळकांडं, मधून बारीक भोक. त्याच्या डोक्यावर तांब्याची इवलीशी टोपी चढवायची, ती केप. केपेच्या पोटात मसाला असतो, तो आपटला की पेटतो. चाप ओढला की घोडा सुटतो, केपेवर आदळतो, आग भोकातून गुटक्यात आणि गुटक्यातून दारूत. सगळा खेळ त्या एका फटक्याचा. फटका निपलाच्या डोक्यावर मधोमध आणि सपाट बसला पाहिजे. कडेला बसला तर केप एका बाजूनं चेपते, दुसऱ्या बाजूनं तशीच राहते. बार निघाला तर नशीब. नाहीतर नुसतं टक.

ही बंदूक आज्याची. आजा मुंबईला गिरणीत लूम खात्यात होता. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, त्यात जी गिरणी सुटली ती सुटलीच. आजा गावी आला, भाताचे तीन तुकडे कसायला लागला आणि पहिल्याच वर्षी रानडुकरांनी निम्मं भात लोळवलं. गावात बंदुका होत्या, पण त्या वरच्या वाडीत, जुन्या खोतांच्या घरात. खोती 1949 च्या कायद्यानं गेली, भिंतीवरच्या खुंट्या राहिल्या. त्यांच्या शेतात डुक्कर आलं की बार व्हायचा, मग डुक्कर कुठं जाणार? खाली, बौद्धवाडीच्या तुकड्यांत. आज्याला हे गणित एका मोसमात कळलं. 1959 च्या हत्यार कायद्यात पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे, हे त्याला युनियनच्या एका जुन्या दोस्तानं सांगितलं. अर्ज केला. मग तीन पावसाळे कागद इकडून तिकडं. ‘तुमच्या वाडीला बंदूक कशाला?’ हा प्रश्न कुठल्याच कागदावर नव्हता. पण प्रत्येक टेबलावर होता.

परवाना मिळाला. आज्यामागं तो काकाच्या नावावर झाला. डुक्कर मारायचं तर वनखात्याची वेगळी परवानगी लागते, म्हणून आमचा बार नुसत्या दारूचा, आवाजाचा. तेवढ्यानं कळप पांगतो. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा, निवडणूक झाली की परत. काका दर वेळी ती गवसणीत घालून वरच्या वाडीतूनच घेऊन जातो, खालून जवळची पायवाट असली तरी. मी एकदा विचारलं तर म्हणाला, “रस्ता सगळ्यांचा हाय. बगूदेत.”

तर ही बंदूक फुसकी जायला लागली. भादव्यात भात निसवतं, तेव्हा काका रात्रभर माचावर. डुक्कर दहा पावलांवर येतं, काका चाप ओढतो, टक. डुकरालाही आता टक ओळखू यायला लागलं होतं, असं काका म्हणायचा. हे हसण्यावारी गेलं असतं. पण गेल्या वर्षी एका रात्री केप फुटली आणि तिचा पत्र्यासारखा तुकडा उडून काकाच्या गालात घुसला, डोळ्याच्या खाली बोटभर. काकीनं दुसऱ्या दिवशी निकाल दिला : “ती जमा करून टाका. परवाना बी नको, बंदूक बी नको. भात गेला तर गेला.” काकाही ढिला पडला होता. नूतनीकरणाचे पैसे, खेपा, त्यात ही बया उडत नाही. एकदा परवाना परत केला की पुन्हा मिळायला आणखी किती पावसाळे, ते आमच्या घराला चांगलं ठाऊक. मला ते सहन होईना.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर मेंटेनन्सला आहे, फिटरच्या हाताखाली. आमचं एक मोठं काम म्हणजे स्पिंडल मधोमध लावणं. स्पिंडलभोवती लोखंडी रिंग असते. स्पिंडल त्या रिंगच्या बरोब्बर मध्यावर उभं पाहिजे, केसभर सरकलं तरी ताण कमीजास्त होतो आणि धागा तुटत राहतो. वरून बाईला वाटतं कापूस खराब, सुपरवायझरला वाटतं बाई खराब. आम्ही गेज लावून बघतो तर स्पिंडल एका अंगाला. माझा डोळा शाळेत घडला नाही, ह्यानं घडला. म्हणून सुट्टीत गावी गेलो तेव्हा म्हटलं, काका, द्या इकडं, नुसती बघतो.

बघण्याआधी एक काम. ठासणीची बंदूक बाहेरून भरलेली की रिकामी, कळत नाही. गज नळीत तळापर्यंत सोडायचा, तोंडाशी अंगठा धरायचा, काढून नळीला बाहेरून लावून बघायचा. गज गुटक्यापर्यंत गेला असला तर रिकामी. चार बोटं अलीकडं थांबला तर आत ऐवज आहे. आमची रिकामी होती. मग निपलाचं डोकं कापडानं पुसलं, घोड्याच्या नाकाच्या खोलगट वाटीत चिमणीची काजळी लावली आणि अंगठ्यानं घोडा धरून हळू निपलावर टेकवला. उचलून बघितलं. निपलाच्या डोक्यावर काळं वर्तुळ उमटायला हवं होतं. उमटली चंद्रकोर. नळीपासून लांबच्या कडेवर बारीक काळी चंद्रकोर, बाकी डोकं कोरं. घोडा बाहेरच्या अंगाला पडत होता. निपलाची ती कडा ठोकून ठोकून मशरूमसारखी पसरलेली. वाटीचा काठ आतल्या बाजूनं निपलाला घासत होता. केपेचे तुकडे अडवायलाच तो काठ असतो. तो जागेवर नसेल तर तुकडे माणसाच्या गालातच येणार.

रोग कळला म्हणजे औषध आपल्या हातात असं नाही. विनापरवाना बंदूक दुरुस्त करणं हाही त्याच कायद्यात गुन्हा आहे. आमच्यासारख्याच्या हातात कानस आणि समोर बंदूक दिसली तर पुढची हकीगत पेपरात वेगळीच छापून येते. म्हणून काकाला म्हटलं, कारागीर शोधू. काका म्हणाला, तालुक्याच्या दुकानात दोनदा नेली की. त्या दुकानात काय झालं ते मला नंतर कळलं. दोन्ही वेळा त्यानं जुनं निपल काढून नवं बसवलं, पैसे घेतले आणि तिसऱ्यांदा गेल्यावर म्हणाला, तुमच्या लोकांना ही वस्तू जपता येत नाही.

खाडीच्या बाजूला एक म्हातारा कारागीर आहे, परवानेवाला. सगळे त्याला चाचा म्हणतात. काका आणि मी एस्टीनं गेलो. चाचानं परवाना बघितला, वहीत नोंद केली, गज टाकून नळी स्वतः तपासली. आम्ही सांगितलं होतं रिकामी आहे, तरी. मला तेव्हाच माणूस आवडला.

मी काजळीची चंद्रकोर सांगितली. तो म्हणाला, “बरोबर. पण बेटा, घोडा वाकडा की निपल वाकडं, हे आधी ठरव. लोक घोडा ठोकायला धावतात.” मग एक एक गोष्ट. घोडा एका चौकोनी खुंटीवर बसतो, खुंटी आतल्या कमानीच्या जोरानं फिरते. चौकोन झिजला असेल तर घोडा डुलतो. धरून हलवला, थोडासा डुलत होता, स्क्रू आवळल्यावर थांबला. मग खटक्याची प्लेट लाकडात नीट बसली आहे का. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, प्लेट कलते, घोडाही कलतो. ती ठीक होती. मग चाचानं निपल उघडलं आणि बाहेर काय आलं? दोरा. निपलाच्या आट्यांवर शिवणाचा दोरा गुंडाळलेला. गुटक्याचे आटे एका मापाचे, निपल दुसऱ्या मापाचं, ढिलं. ते घट्ट बसावं म्हणून दोरा घालून आवळलेलं, तेही तिरकं.

चाचा काहीच बोलला नाही. निपल काकाच्या तळहातावर ठेवलं. मग म्हणाला, “भाऊ, हे उलटं सुटलं असतं, तर गालावर नाय, कपाळात आलं असतं.” काका त्या दोऱ्याकडं बघत राहिला. तांबडा दोरा होता.

निपलाचं काम लवकर झालं. गुटक्यात थोडे मोठे, नवे, सरळ आटे पाडले, त्या मापाचं निपल खालपर्यंत टेकवून बसवलं. पुन्हा काजळी. चंद्रकोर जाड झाली, पण चंद्रकोरच. म्हणजे निपलही वाकडं होतं आणि घोडाही. तीन वर्षं तिरक्या निपलावर आपटून आपटून, की मुळातच कारखान्यात तसा घडला, कोण सांगणार.

घोडा वाकवायचा असतो तो थंड नव्हे. चाचानं आधी कानशीचा एक हात फिरवून लोखंड बघितलं. ओतीव असता तर त्यानं हात लावला नसता, ओतीव लोखंड वाकत नाही, तुटतं. हा घडीव निघाला. चौकोनी भोकाला ओलं फडकं गुंडाळलं, तिथं आच लागून भोक बिघडू नये म्हणून, आणि नुसती मान शेगडीत. भाता मी मारला. मान नारिंगी झाली तशी सांडशीनं काढून, खाच पाडलेल्या पट्टीत नाक धरून आतल्या अंगाला दाब दिला. एवढासा. मला वाटलं काही झालंच नाही. राखेत निवू दिला, पाण्यात नाही. निवल्यावर बसवला, काजळी, बघितलं. पुन्हा तापवला, पुन्हा एवढासा. तिसऱ्या खेपेला वर्तुळ आलं. पुरं नव्हे, पुढच्या बाजूला फिकं. म्हणजे आडवा बरोबर आला, पण नाक थोडं चढं. ते वाकवून नव्हे, वाटीचा तळ कानशीनं निपलाच्या डोक्याशी समांतर करून साधलं, आणि काठ निपलाला घासू नये इतपत मोकळा केला. ह्यात दुपार गेली. आमच्या खात्यात एवढ्या वेळात दोनशे स्पिंडल होतात, पण आमच्या हाताशी गेज असतो. चाचाचा गेज म्हणजे काजळी.

खरी अडचण पुढं आली. तापवलेला घोडा मऊ पडतो. तसाच ठेवला तर नाक महिन्याभरात निपलाच्या आकाराचं दबेल. त्याला वरून कडक करायचं, आतून मऊच ठेवायचं, म्हणजे झिजणारही नाही आणि तडकणारही नाही. ह्याची जुनी रीत अशी : लोखंडी डब्यात घोडा ठेवायचा, भोवती हाडांचा आणि कातड्याचा कोळसा ठासायचा, झाकण मातीनं लिंपायचं, डबा काही तास लालबुंद ठेवायचा आणि मग घोडा एकदम पाण्यात. कोळशातला कस लोखंडाच्या कातडीत उतरतो. चाचाकडं कोळसा संपला होता. तो सहज म्हणाला, “हाडं आणि चामड्याचे तुकडे आणा कुठून तरी, जाळून घेऊ.”

काका उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

मी मागं गेलो. तो म्हणाला, “बाबासायबांनी म्हाडला सांगितलं 27 साली. माज्या आज्यानं त्या दिसापास्नं मेल्या ढोराला हात लावला नाय. खोतानं वाट बंद केली, तरी नाय लावला. आणि मी आता हाडकं गोळा करू? बंदुकीसाटी?”

मी वाद घातला नाही. त्याचं बरोबर होतं. मेलेलं ढोर ओढणं हे काम नव्हतं, सक्ती होती, आणि मोबदल्यात गावाबाहेरची जागा. माझं मात्र डोकं दुसरीकडं चाललं होतं. मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं की लोखंड कडक होतं ते हाडानं आणि कातड्यानं. ज्या दोन वस्तूंपायी आपल्याला शिवायचं नाही असं ठरलं, त्याच वस्तूंच्या राखेत घालून बंदुकांचे घोडे आणि खटके कडक व्हायचे. ते घोडे मग कुणाच्या भिंतीवर टांगले जायचे? ज्याला ढोरामागं जावं लागलं त्याच्या नक्कीच नाही. हे मी काकाला बोललो नाही. बोलण्यासारखी ती वेळ नव्हती.

चाचानं आमच्याकडं बघितलं. कळलं असावं, त्या बाजूला म्हातारी माणसं सगळं जाणून असतात. त्यानं सायकल काढली, खाटकाकडून हाडं आणि चपलांच्या दुकानातून कातरण घेऊन आला, आणि स्वतःच डब्यात घालून जाळायला ठेवली. वास सुटला. काका फाटकाबाहेर वाऱ्याच्या उलट बाजूला जाऊन बसला. मी भात्यावर बसलो. वास वाईट होता.

डबा लाल ठेवायचा तीन तास. तेवढ्यात बोलणं फौजेवर गेलं. आमचा मुलूख फौजी. दापोलीला लोक अजून कॅम्पच म्हणतात. रामजी सुभेदार पेन्शन घेऊन तिथंच राहिले, बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे तर आमच्याच मंडणगड तालुक्यात. चाचा म्हणाला, तुमच्या घरात पण असेल कोणी पलटणीत. असेल. पण आमच्याकडं कागद नाही, बिल्ला नाही, म्हणून मी ते छातीवर लावून फिरत नाही. जे कागदावर आहे ते पुरे आहे. 1 जानेवारी 1818 ला कोरेगावला महार शिपायांच्या हातात होत्या त्या चकमकीच्या बंदुका, गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडणाऱ्या. पाऊस आला की त्या थंड. आपटून पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट फॉरसाइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्यानं 1807 सालीच घेतलं होतं, टोपी त्याच्या मागून आली आणि फौजेत सरसकट यायला 1840 उजाडलं. म्हणजे आमची ठासणीची ही त्या खानदानातली. मग 1878 ला हत्यार कायदा आला, परवान्याशिवाय कुणाकडं बंदूक नको. आणि 1892 च्या सुमारास महारांची भरती बंद. लढाऊ जात नाही म्हणे. ज्यांची नावं कोरेगावच्या खांबावर कोरली त्यांची. गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 ला अर्ज तयार केला, आम्हाला पुन्हा घ्या. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा घेतलं, युद्ध संपल्यावर पुन्हा काढलं. महार रेजिमेंट उभी राहिली 1941 ला. मधली जवळजवळ पन्नास वर्षं. एवढ्या वर्षांत एका पिढीचे हात कामाला लागून दुसऱ्या पिढीचे हात विसरूनही जातात. ‘तुमच्या लोकांना ही वस्तू जपता येत नाही’ असं म्हणणाऱ्या दुकानदाराला हा हिशोब कोण सांगणार. तो दोरा गुंडाळण्यात गुंग.

संध्याकाळी डबा उघडला. घोडा पाण्यात पडताना एक सणका आवाज झाला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावर निळे-करडे-तपकिरी ढग होते. मी रिंग, स्पिंडल, बेअरिंग रोज हाताळतो, पण असं लोखंड बघितलं नव्हतं. चाचानं कानस नाकावर ओढली, कानस घसरली, धरली नाही. बसवून पुन्हा काजळी, कारण कडक करतानाही घोडा अंग टाकू शकतो. वर्तुळ होतं तसंच होतं. मग त्यानं नुसत्या केपा लावून पाच बघितल्या, नळीत दारू नाही. पाचही पहिल्या चापाला. पाचही टोप्या सगळीकडून सारख्या चेपलेल्या, फुलासारख्या उकललेल्या, पण तुकडा एकाचाही उडालेला नाही. शेवटी बजावलं : रिकाम्या निपलावर घोडा आपटायचा नाही, सराव करायचा तर मधे चामड्याचा तुकडा धरायचा. काकानं मान हलवली. म्हणाला, “सायकलच्या टूपचा चालंल काय?”

चाचा हसला. “चालेल.”

पैसे त्यानं तालुक्याच्या दुकानापेक्षा कमी घेतले. जुनं निपल आणि तांबडा दोरा काकानं मागून घेतला, कागदात बांधला. तो कागद आता परवान्याच्या पिशवीत आहे. कशाला ठेवलाय ते त्यानं सांगितलं नाही.

यंदा भादव्यात मी चार रात्री माचावर होतो. दुसऱ्या रात्री कळप आला, बांधावरून खाली उतरताना पालापाचोळा वाजला. काकानं नळी वर केली आणि पहिल्या केपेला बार झाला. डोंगराला आदळून आवाज परत आला, वरच्या वाडीत कुत्री उठली, कुणीतरी बॅटरी मारली. कळप ओढ्याकडं पळाला. काकीनं परवाना परत करायची गोष्ट काढलेली नाही. नूतनीकरणाचा अर्ज भरून ठेवलाय, अक्षर माझं. काका रोज सकाळी गरम पाण्यानं नळी धुतो, तेलाचं फडकं फिरवतो, टूपचा तुकडा निपलावर ठेवून घोडा टेकवतो आणि उरलेल्या केपा डबीत मोजतो. शेवटच्या मोजणीला एकोणचाळीस होत्या.